क्रिस्पस: कॉन्स्टंटाइनचा थोरला मुलगा आणि त्याची नाणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन नाणी जमवायला लागलेल्या माणसाच्या हाती आज ना उद्या क्रिस्पस येतोच. रुपयापेक्षा लहान, तपकिरी-हिरवट, डोक्यावर पानांची माळ घातलेला एक तरुण. ऑगस्टस, नीरो ही नावे शाळेपासून ऐकलेली असतात, हे नाव मात्र अनोळखी असते. म्हणून नाणे हातात धरून लोक विचारतात, ‘हा कोण?’ त्यानंतर जे प्रश्न येतात ते बहुतेक ठरलेलेच असतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. काही त्रोटक आहेत, काही लांबली आहेत. जिथे लांबली तिथे सांगण्यासारखे तितके होतेच.

क्रिस्पस नेमका कोण?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याचा थोरला मुलगा. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा आणि कॉन्स्टँटिनोपल वसवणारा तोच हा कॉन्स्टंटाइन. ३१७ साली क्रिस्पसला ‘सीझर’ हे पद मिळाले, म्हणजे तो अधिकृत वारस झाला. पुढची नऊ वर्षे त्याने गॉलचा (साधारण आजच्या फ्रान्सचा) कारभार पाहिला, ऱ्हाइन नदीवर लढाया जिंकल्या आणि एका निर्णायक आरमारी युद्धात वडिलांना साम्राज्य मिळवून दिले. ३२६ साली त्याच वडिलांच्या हुकमाने त्याला मारण्यात आले. तेव्हा त्याचे वय पंचविशीच्या आसपास असावे.

त्याची आई कोण? सम्राज्ञी फॉस्टा का?

नाही, आणि ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे. क्रिस्पसची आई मिनर्व्हिना. ती कॉन्स्टंटाइनची लग्नाची बायको होती की तशीच सोबत राहणारी स्त्री, यावर प्राचीन लेखकांपासून वाद आहे. क्रिस्पसचा जन्म ३०० सालाच्या आगेमागे झाला. ३०७ मध्ये कॉन्स्टंटाइनने फॉस्टाशी लग्न केले. ती जुना सम्राट मॅक्सिमियन याची मुलगी, म्हणजे घराणे तोलामोलाचे आणि लग्न उघड उघड राजकारणाचे. त्यानंतर मिनर्व्हिना इतिहासातून नाहीशी होते. क्रिस्पस मात्र दरबारातच वाढला, सावत्र आईच्या घरात.

त्याचे शिक्षण कुणी केले?

लॅक्टँशियस या लॅटिन लेखकाने. हा मूळचा उत्तर आफ्रिकेचा. सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा तो आजच्या तुर्कस्तानातल्या निकोमिडियात वक्तृत्व शिकवत होता. म्हातारपणी त्याला गॉलमध्ये क्रिस्पसचा शिक्षक म्हणून नेमले गेले. त्याची लॅटिन इतकी सुरेख की पुढे युरोपातल्या विद्वानांनी त्याला ‘ख्रिस्ती सिसेरो’ म्हटले. असा गुरू लाभलेल्या मुलाच्या नाण्यांवर कोणकोणत्या देवता आहेत, ते पुढे येईलच.

‘सीझर’ म्हणजे सम्राटच ना?

या काळात नाही. ‘ऑगस्टस’ म्हणजे सम्राट आणि ‘सीझर’ म्हणजे धाकटा राज्यकर्ता, वारस. आपल्याकडच्या युवराजाच्या जवळचे पद, पण युवराजापेक्षा जबाबदारी जास्त, कारण सीझरला स्वतःचा प्रांत, फौज आणि दरबार असे.

क्रिस्पसला हे पद १ मार्च ३१७ रोजी सर्डिका इथे मिळाले. सर्डिका म्हणजे आजचे बल्गेरियातले सोफिया. कॉन्स्टंटाइन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस यांचे नुकतेच युद्ध होऊन तह झाला होता आणि त्या तहात दोघांनी मिळून तीन सीझर जाहीर केले: क्रिस्पस, त्याचा सावत्र भाऊ धाकटा कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियसचा मुलगा धाकटा लिसिनियस. यातला एक तान्हा होता आणि दुसरा जेमतेम दुडदुडू लागलेला. कामाला लागू शकेल असा एकटा क्रिस्पसच.

त्याने खरोखर काही पराक्रम केला का, की सगळी भाटगिरी?

भाटगिरी भरपूर झाली. ३२१ साली रोममध्ये नाझारियस या वक्त्याने सीझरांच्या पाच वर्षांनिमित्त भाषण केले, त्यात क्रिस्पसची तोंड भरून स्तुती आहे. पण स्तुतीखाली जमीन होती. त्याचा मुक्काम ट्रिअरला असे. हे शहर आज जर्मनीत मोझेल नदीकाठी आहे. तिथून त्याने फ्रँक आणि अलमानी टोळ्यांवर मोहिमा केल्या. ३१८, ३२१ आणि ३२४ अशी तीन वेळा त्याला कॉन्सलपद, म्हणजे एका वर्षासाठी मिळणारे रोमचे मोठ्या मानाचे पद, मिळाले.

खरी कसोटी ३२४ मध्ये लागली. कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस पुन्हा भिडले. ३ जुलैला एड्रियानोपलजवळ लिसिनियस हरला आणि बायझँटियमच्या (पुढचे कॉन्स्टँटिनोपल, आजचे इस्तंबूल) तटबंदीत जाऊन बसला. तो तट समुद्राच्या बाजूने मोकळा असेपर्यंत वेढ्याला अर्थ नव्हता, आणि समुद्राची चावी होती हेलेस्पाँटच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत, म्हणजे आजच्या डार्डनेल्समध्ये. कॉन्स्टंटाइनने आरमार क्रिस्पसच्या हाती दिले.

झोसिमस या इतिहासकाराने दिलेले आकडे असे: कॉन्स्टंटाइनची २०० छोटी, तीस वल्ह्यांची जहाजे, लिसिनियसची ३५० मोठी जहाजे. सामुद्रधुनीत कॉन्स्टंटाइनच्या बाजूने फक्त ८० निवडक जहाजे घातली गेली. समोरून २०० आली आणि त्या अरुंद पाण्यात एकमेकांवरच आदळू लागली. वळायला जागा नाही, वल्ही अडकलेली. लहान जहाजांनी हवे तिथून घाव घातले. दुसऱ्या दिवशी दक्षिणेचा जोराचा वारा सुटला आणि लिसिनियसची जहाजे किनाऱ्यावरच्या खडकांवर फुटली: १३० जहाजे आणि ५,००० माणसे गेली. शिवकाळातल्या आरमाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला उथळ, अरुंद पाण्यात लहान गलबते मोठ्या जहाजांना कशी पुरून उरतात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सप्टेंबरात लिसिनियस शेवटचा हरला. साम्राज्याचा एकच धनी उरला. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने तेव्हा आपल्या ग्रंथाच्या अखेरीस बाप-लेकाच्या या विजयाचे वर्णन केले आणि क्रिस्पसला देवाचा लाडका, सर्व बाबतींत वडिलांसारखा असे म्हटले.

नाण्यावर त्याचे नाव कसे ओळखायचे?

पुढच्या बाजूला कडेने लेख असतो. वाचायला सुरुवात डावीकडून खालून करायची आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायचे. सगळ्यात सोपा लेख ‘क्रिस्पुस नोब काएस’: ‘क्रिस्पस, नोबिलिसिमस सीझर’, म्हणजे परमकुलीन सीझर. कधी आधी ‘युल’ म्हणजे ज्युलियस, कधी ‘फ्ल युल’ म्हणजे फ्लेव्हियस ज्युलियस. पूर्वेकडच्या काही टांकसाळींत त्याच्याही आधी ‘द न’, म्हणजे ‘आमचे स्वामी’.

नवख्याला दोन गोष्टी अडवतात. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि ‘उ’साठी इंग्रजी व्ही अक्षर वापरलेले असते. एकदा डोळ्याला सवय झाली की झिजलेल्या नाण्यावर नुसती ‘स्पुस’ एवढी अक्षरे दिसली तरी माणूस ओळखू येतो.

एखादे नाणे जवळून दाखवाल का?

माझ्या टेबलावरचेच सांगते. एकोणीस-वीस मिलिमीटर व्यास, वजन तीन ग्रॅमच्या जवळपास. ब्राँझचे, त्यात चांदीचा थोडासा अंश. टांकसाळीतून बाहेर पडताना वर चांदीचा पातळ मुलामा होता. आता तो फक्त अक्षरांच्या खाचांत आणि मानेखाली शिल्लक आहे, दुधाच्या भांड्याला कडेने साय चिकटून राहावी तसा.

पुढे क्रिस्पस. डोक्यावर विजयमाळ, मागे मानेवर तिच्या फितीची दोन टोके. नाक लांब आणि सरळ. नाकाचा शेंडा झिजलाय, कारण नाण्यात सगळ्यात उंच भाग तोच आणि बोटे आधी त्याच्यावर घासतात. डोळा मोठा, बुबुळ एका ठिपक्याचे. केस कपाळावर नीट कापलेले, एकेक बट वेगळी. मान मात्र विलक्षण लांब आणि जाड. तो कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचाच साचा आहे.

मागे एक चौकोनी वेदी, तिच्यावर आकाशाचा गोल, त्याच्या वर तीन तारे. वेदीवर तीन ओळींत ‘व्होत-इस-२०’, आकडा अर्थात रोमन. कडेने लेख ‘बेआता त्रान्क्विल्लितास’: मंगल शांतता. खाली तळाशी ‘प त र’: ‘प’ म्हणजे प्रिमा, पहिला कारखाना, आणि ‘त र’ म्हणजे ट्रेव्हेरी, ट्रिअर. हा छाप ३२१ ते ३२३ या काळातला. म्हणजे हे नाणे पाडले जात होते तेव्हा क्रिस्पस त्याच शहरात राहत होता. हे नाणे मला इतके आवडते ते यामुळेच.

‘व्होत’ म्हणजे काय?

नवस. राज्यकर्त्याच्या पाच, दहा, वीस वर्षांसाठी देवांना नवस बोलायचा आणि मुदत संपली की फेडायचा, अशी रोमन रीत होती. ‘व्होत ५’ म्हणजे पाच वर्षांचा नवस, ‘व्होत १०’ म्हणजे दहा वर्षांचा. क्रिस्पसच्या एका नेहमी मिळणाऱ्या नाण्यावर माळेच्या आत हे शब्द असतात आणि कडेने ‘आमच्या सीझरांचे’ असा लेख. दहा वर्षांचे नवस बोलले गेले, पण दहावे वर्ष पूर्ण व्हायला १ मार्च ३२७ उजाडावा लागला असता.

नाण्यावरचा चेहरा खरा त्याचाच आहे का?

अर्धा त्याचा, अर्धा टांकसाळीचा. त्याची नाणी लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंत पाडली गेली. लंडन, ट्रिअर, लियाँ, आर्ल, रोम, अक्विलेया, सिस्किया, थेसालोनिका, निकोमिडिया, अँटिऑक अशी ही यादी आहे. इतक्या ठिकाणच्या ठसे कोरणाऱ्यांनी त्याला पाहिले असणे शक्यच नाही. त्यांच्याकडे नमुना यायचा आणि ते आपल्या हाताच्या वळणाने कोरायचे. म्हणून लंडनचा क्रिस्पस जरा ठोकळ, रेषा कमी आणि ठळक. पूर्वेचा क्रिस्पस छोट्याशा धडाचा, खेळण्यातल्या बाहुल्यासारखा.

आणखी एक गंमत पाहा. त्याचा धाकटा भाऊ सीझर झाला तेव्हा पाळण्यात होता, तरी नाण्यावर तोही चिलखत घालून बसलेला दिसतो. म्हणजे वय दाखवणे हा हेतूच नव्हता. दाखवायचे होते पद.

तरीही ट्रिअरचे ठसे मी वेगळे मानते. तिथे कारागिरी उत्तम होती आणि माणूस गावातलाच. तिथल्या नाण्यांवर वडिलांपेक्षा भरलेला गाल आणि हलकी हनुवटी दिसते. ती एका ठश्यापुरती नसून पुन्हा पुन्हा येते. तेवढ्यावर मी म्हणेन की त्या कोरणाऱ्याने त्याला रस्त्यावरून जाताना तरी पाहिले होते.

भाला-ढाल घेतलेला क्रिस्पस दुर्मीळ असतो का?

साध्या मस्तकापेक्षा कमी मिळतो, पण अगदी दुर्मीळ नाही. शोधावा मात्र जरूर, कारण सर्वांत देखणी नाणी तीच. पश्चिमेच्या टांकसाळींत तो डावीकडे तोंड करून, शिरस्त्राण घालून, खांद्यावर भाला आणि पुढे ढाल अशा रूपात येतो. कधी पाठमोरा, म्हणजे खांद्यामागून पाहिल्यासारखा. ढाल जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, पण भिंगाखाली धरली तर काही ढालींवर शत्रूवर चाल करणारा घोडेस्वार कोरलेला दिसतो. कॉन्सल म्हणून मिरवणाऱ्याऐवजी सेनापती दिसावा, असा हा ठसा. कॉन्सलपदाच्या नाण्यांवर भरजरी झगा आणि हातात गरुडाचा राजदंडही आढळतो.

मागच्या बाजूला कोणकोणते छाप येतात?

काळाच्या क्रमाने मुख्य तेवढे सांगते. सुरुवातीला, ३१७-३१८ मध्ये, सूर्यदेव आणि ‘युवकांचा अग्रणी’ या अर्थाचे छाप. मग दोन विजयदेवता वेदीवर ढाल धरून उभ्या. ३१९-३२० च्या सुमारास ‘सैन्याचे शौर्य’: मधे निशाण, खाली दोन्ही बाजूंना बसलेले बंदिवान. मग वर सांगितलेली माळ आणि वेदी. सिर्मियममध्ये ३२४-३२५ ला ‘अलमानियाचा पाडाव’ असा उघड विजयाचा छाप, विजयदेवतेच्या पायाशी कैदी. सोन्याच्या नाण्यांवर पराभूत फ्रँकिया आणि अलमानिया शोक करत बसलेल्या स्त्रियांच्या रूपात येतात. ती नाणी संग्रहालयातच पाहायची.

शेवटचा छाप ३२४ ते ३२६ चा: दगडी छावणीचे दार, वर दोन बुरूज, मधे एक तारा. लेख ‘प्रोव्हिदेन्तिए काएस्स’: ‘सीझरांच्या दूरदृष्टीला’. शेवटी दोनदा ‘स’ आहे, कारण रोमन लोक संक्षेपाचे अनेकवचन अक्षर दुप्पट करून दाखवत. एक ‘स’ असता तर एक सीझर.

ख्रिस्ती सम्राटाच्या मुलाच्या नाण्यावर सूर्य आणि ज्युपिटर कसे?

प्रश्न रास्त आहे. नाणी राज्याची होती आणि राज्याची भाषा अजून जुनीच होती. सूर्य हा कॉन्स्टंटाइनचा जुना सोबती. त्याची नाण्यांवरची जागा ३२० नंतर हळूहळू कमी होत गेली. ज्युपिटरचे कारण वेगळे आहे. पूर्वेच्या टांकसाळी लिसिनियसच्या ताब्यात होत्या. तहानुसार त्याला कॉन्स्टंटाइनच्या मुलांचीही नाणी पाडावी लागत, पण मागे त्याने आपला देव घातला. म्हणून निकोमिडिया किंवा अँटिऑकच्या नाण्यांवर लॅक्टँशियसच्या शिष्यामागे हातात राजदंड घेतलेला ज्युपिटर उभा असतो. तह टिकत नाही म्हटल्यावर ही नाणीही बंद झाली.

त्याला का मारले?

३२६ च्या पूर्वार्धात, कॉन्स्टंटाइन आपल्या राज्याभिषेकाची विसावी वर्षगाठ साजरी करायला रोमकडे निघाला असताना, क्रिस्पसला पोला इथे ठार करण्यात आले. पोला म्हणजे आजचे क्रोएशियातले पुला. तिथले रोमन रंगमंडल आजही उभे आहे. पाचव्या शतकातला लेखक सिडोनियस याच्या एका पत्रात विषाचा उल्लेख आहे. त्याच वर्षी फॉस्टाही मेली, कडकडीत तापवलेल्या स्नानगृहात कोंडून.

कारण काय, याचे उत्तर जवळच्या लेखकांनी दिलेले नाही, आणि माझ्या मते त्यांच्या मौनाला वजन आहे. ऑरेलियस व्हिक्टर या इतिहासकाराने ३६१ च्या सुमारास लिहिले की थोरला मुलगा वडिलांच्या निर्णयाने मारला गेला, कारण अनिश्चित. थोड्या वर्षांनी युट्रोपियसने क्रिस्पसला ‘उत्तम पुरुष’ म्हटले आणि मुलगा, भाचा, बायको आणि मग कित्येक मित्र अशी कॉन्स्टंटाइनने मारलेल्यांची रांगच लावली. त्यातला भाचा म्हणजे ३१७ चा तिसरा सीझर, धाकटा लिसिनियस, बहिणीचा मुलगा.

पण फॉस्टाने त्याच्यावर खोटा आळ घेतला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे ना?

प्रसिद्ध आहे, आणि तिचा साचा आपल्या ओळखीचा आहे. अशोकाचा मुलगा कुणाल आणि सावत्र आई तिष्यरक्षिता यांची कथा आठवा. सावत्र आई तरुण मुलावर भाळते, तो झिडकारतो, ती सूड उगवते, राजाला सत्य उशिरा कळते. ग्रीकांकडे फीड्रा आणि हिपोलिटस हीच गोष्ट. क्रिस्पसबाबत ती पूर्ण रूपात उशिराच्या लेखकांकडे येते. झोसिमसने ५०० च्या सुमारास लिहिले तेव्हा दोघांच्या संबंधाचा संशय आणि कॉन्स्टंटाइनची म्हातारी आई हेलेना नातवासाठी आकांत करते असे दोन्ही धागे त्याच्याकडे आहेत. पुढे तो असेही लिहितो की अशा पापाला शुद्धी नाही असे जुन्या पुजाऱ्यांनी सांगितले, ख्रिस्ती माणसाने ‘आहे’ म्हटले आणि म्हणून कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला. हे तर कालक्रमातच बसत नाही. क्रिस्पस जिवंत असताना बापलेकांच्या नावाने ख्रिस्ती लोकांच्या बाजूचे कायदे निघाले होते, हे चर्चचा इतिहासकार सोझोमेन याने पाचव्या शतकातच दाखवून दिले.

मला प्रेमकथेपेक्षा साधा हिशेब जास्त पटतो. फॉस्टाचे मुलगे लहान होते. सावत्र मुलाने नुकतेच युद्ध जिंकून दिले होते आणि फौज त्याला ओळखत होती. अशा घरात एक कुजबूजही पुरते. मग फॉस्टा का मेली, हा प्रश्न उरतो, आणि तिथे हेलेनाचा हात असावा असे प्राचीन लेखकच सुचवतात. तरी हे माझे मत, पुरावा नव्हे.

नाण्यांवरून या मृत्यूबद्दल काही कळते का?

कळते, आणि मला ही साक्ष सगळ्या कथांपेक्षा मोलाची वाटते. एखादा वारस हळूहळू मर्जीतून उतरत असेल तर नाण्यांत ते दिसते: पाडण्याची संख्या घटते, काही टांकसाळी वगळतात, बिरुदे तोकडी होतात. क्रिस्पसचे तसे काहीही होत नाही. छावणीच्या दाराच्या मालिकेत तो भावांच्या बरोबरीने आहे, तेच बिरुद, तोच दर्जा. आणि मग एकदम नाही. मालिका पुढे चालू राहते, तारा तोच, बुरूज तेच, ‘काएस्स’मधले दोन ‘स’ही तेच, कारण धाकटे दोन भाऊ होतेच. फॉस्टाची नाणीही, ज्यांवर ती दोन बाळांना कवेत घेऊन उभी आहे, ३२६ लाच थांबतात. हेलेनाची चालू राहतात. घाव अचानक पडला, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

त्याचे नाव पुसून टाकले म्हणतात. मग इतकी नाणी उरली कशी?

नाव पुसले ते दगडावरून. शिलालेखांत त्याच्या नावाची अक्षरे छिन्नीने तासलेली आढळतात. पुस्तकांतही तेच झाले. ज्या युसेबियसने स्तुती केली होती त्याने पुढे कॉन्स्टंटाइनचे चरित्र लिहिले, त्यात क्रिस्पसचे नावच नाही. त्याच्या चर्चच्या इतिहासाच्या सिरियाक भाषांतरातही ते गाळलेले आहे. नंतर भाऊ गादीवर आले, पण कुणीही त्याला परत मानाने उभे केले नाही.

पण तांब्याचे नाणे एकदा टांकसाळीतून सुटले की ते पाव विकणाऱ्याच्या, शिपायाच्या, नावाड्याच्या कमरेला जाते. ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेली ही चिल्लर परत गोळा करणे म्हणजे बाजार बंद पाडणे. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेला साठा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. तिथे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारला. नहपान शत्रू होता, नाणी चांदीची होती आणि जिंकल्याची ती खूण होती. कॉन्स्टंटाइनला मुलाच्या चेहऱ्यावर दुसरा ठसा मारून काय सांगायचे होते? त्यामुळे तो चेहरा गप्प बाजारात फिरत राहिला.

नाण्यांखेरीज त्याचा चेहरा कुठे आहे?

नेदरलँड्समधल्या लायडनच्या पुरावस्तू संग्रहालयात एक भलामोठा कोरीव रत्नपट आहे. रथ ओढणारे नरतुरंग (अर्धे माणूस, अर्धे घोडा), रथात राजदांपत्य आणि सोबत शिरस्त्राण घातलेला छोटा मुलगा. हे कॉन्स्टंटाइन, फॉस्टा आणि बाळ क्रिस्पस असे बरेच अभ्यासक मानतात. हा पट जहांगीर बादशहाला विकायच्या बेताने १६२८ मध्ये ‘बटाव्हिया’ या डच जहाजातून पूर्वेकडे निघाला. जहाज १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटले आणि पाठोपाठ भयंकर कत्तल झाली, तरी रत्नपट वाचला. तोवर जहांगीर वारलाही होता.

क्रिस्पसचे नाणे महाराष्ट्रात सापडू शकते का?

कुणी ‘शेतात नांगरताना निघाले’ असे सांगून विकत असेल तर सावध राहा. तेर, कल्याण, सोपारा यांचा रोमशी व्यापार बहरला तो त्याच्या दोनेक शतके आधी. चौथ्या-पाचव्या शतकातली लहान रोमन तांब्याची नाणी भारतात सापडतात ती मुख्यतः तमिळनाडूत, आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने.

विकत घेताना काय पाहावे?

माझा पहिला क्रिस्पस मी फोटोवर भाळून घेतला होता. केसांची प्रत्येक बट धारदार, डोळा कोरीव. घरी भिंगाखाली धरल्यावर कळले की झिजलेल्या मूळ नाण्यावर कुणीतरी सुईने नव्याने केस कोरले होते: खाचेतला धातू ताजा आणि आसपासचा थर जुना. विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहते. खाचांतला रंग आणि पृष्ठभागाचा रंग एक आहे का. कडेला ओतकामाची शिवण दिसते का, कारण अस्सल नाणे ठोकलेले असते. आणि पुढचा लेख, मागचा छाप आणि टांकसाळीची खूण एकमेकांशी जुळतात का. क्रिस्पसचे साधे तांब्याचे नाणे मुबलक मिळते. घाईचे कारण नाही.

भारतात १०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. खरेदीची पावती जपून ठेवावी.

नाणे स्वच्छ कसे करावे?

शक्यतो करू नये. चिंच, लिंबू, पितांबरी यांतले काहीही लावू नका. देवाची भांडी चकाकतात ती याने, पण सतराशे वर्षांचा थर एकदा गेला की नाण्याचा चेहराच जातो. माती असेल तर शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात काही दिवस ठेवून पाणी बदलत राहावे आणि मऊ ब्रशने हलके पुसावे. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली तर तो ब्राँझचा रोग. ते नाणे बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा आणि जाणकाराला दाखवा. कोकणातल्या दमट हवेत तर कोरडेपणासाठी सिलिका जेलची पुडी डब्यात हवीच.

क्रिस्पसला मूलबाळ होते का?

त्याची बायको हेलेना, आजीच्याच नावाची. ३० ऑक्टोबर ३२२ चा एक कायदा टिकून राहिला आहे. क्रिस्पस आणि हेलेना यांना मूल झाले, त्या आनंदाप्रीत्यर्थ कॉन्स्टंटाइनने कैद्यांना माफी दिली. माफीतून तीन प्रकारचे गुन्हेगार वगळले: विष घालणारे, खून करणारे आणि व्यभिचारी. ते बाळ मुलगा होता की मुलगी हे कायद्यात लिहिलेले नाही, आणि त्यानंतर कुठल्याही लेखात किंवा नाण्यावर त्याचा उल्लेख येत नाही.